सूची बटणाने होत नाही

पुस्तक छापायला जायला चार दिवस उरलेले असतात. लेखकाचा किंवा प्रकाशकाचा फोन येतो. मुखपृष्ठ, कागद, किंमत असं सगळं बोलून झाल्यावर ठेवता ठेवता तो म्हणतो, “आणि हो, मागे सूचीपण टाका. इंडिझाईनमध्ये आहे ना ते, एक बटण दाबलं की होते.”

सातारा-सांगली भागातल्या पुस्तकांची पानं लावताना हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की आता त्यावर सविस्तर लिहायलाच हवं. सांगणाऱ्यांत प्राध्यापक असतात, निवृत्त शिक्षक असतात, संस्थांच्या गौरवग्रंथांचे संपादक असतात. ही सगळी पुस्तकांवर जीव असलेली माणसं. या एका समजापायी ती स्वतःच्याच पुस्तकाचं नुकसान करून घेतात, याची चीड येते.

मोठा गैरसमज : सॉफ्टवेअर सूची तयार करतं

वस्तुस्थिती : सॉफ्टवेअर पानांचे आकडे गोळा करतं. सूची माणसाला करावी लागते.

इंडिझाईन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये नेमकं काय होतं ते आधी पाहू. मजकुरात योग्य जागी कर्सर ठेवायचा किंवा शब्द निवडायचा आणि इंडेक्सच्या पॅनेलमध्ये त्याची नोंद करायची. त्या जागी एक खूण बसते. ती छापली जात नाही, पण मजकुराला चिकटून राहते. पुस्तकभर अशा खुणा करून झाल्या की ‘जनरेट इंडेक्स’ ही आज्ञा द्यायची. मग कुठली खूण कुठल्या पानावर आहे ते प्रोग्रॅम पाहतो, एकाच शीर्षकाच्या खुणा एकत्र आणतो आणि पुढे पानांचे आकडे लिहितो. नोंद, उपनोंद, तिची उपनोंद अशा चार पातळ्या करता येतात. ‘अमुक पहा’, ‘तमुकही पहा’ असे निर्देश देता येतात. ही सोय उत्तम आहे. हातानं कार्डं लिहून सूची केलेल्या कुणालाही तिचं मोल कळेल.

पण खूण कुठे करायची, कुठे नाही, आणि तिला शीर्षक काय द्यायचं, यातलं काहीही प्रोग्रॅम ठरवत नाही. एकही खूण न करता ते बटण दाबलं, तर सूचीत एक ओळसुद्धा येणार नाही.

यावर ठरलेला प्रश्न येतो : “पण ‘ॲड ऑल’ आहे ना? एकदा शब्द दिला की तो सगळीकडे शोधून खुणा करेल.” करतो, पण कसा, ते वाई या गावाचं उदाहरण घेऊन पाहू. साध्या शोधात ‘वाई’ टाकलं तर ‘कारवाई’ सापडते, ‘हवाई’ही सापडतं. हे टाळायचं म्हणून ‘ॲड ऑल’ फक्त पूर्ण शब्द शोधतं. इंडिझाईन बनवणाऱ्या अडोबीच्या मदतपुस्तिकेतच तसं लिहिलेलं आहे. मग ‘कारवाई’ सुटते, पण तिच्याबरोबर वाईला, वाईत, वाईहून आणि वाईच्या हेही सुटतात. कारण ‘वाईत’ हा प्रोग्रॅमच्या लेखी वेगळाच शब्द आहे.

इंग्रजीत गावाचं नाव वाक्यात कुठेही आलं तरी त्याचं रूप बदलत नाही. मराठीत गाव वाक्यात शिरलं की त्याला प्रत्यय लागतो आणि पुष्कळदा मूळ शब्दही वाकतो. साताऱ्यात, मिरजेहून, खानापुरात. या तिन्ही रूपांत ‘सातारा’, ‘मिरज’ आणि ‘खानापूर’ ही अक्षरं जशीच्या तशी उरलेली नाहीत. खानापूरचा दीर्घ ‘पू’सुद्धा ‘खानापुरात’मध्ये ऱ्हस्व झालाय. आणखी एक अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘साताऱ्यात’मधला ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी टाइप होतो. एका रीतीत नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरतात. दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यांच्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह असतं. कागदावर दोन्ही एकसारखे दिसतात, पण शोधताना एक दिला तर दुसरा सापडत नाही. पुस्तकाची निम्मी प्रकरणं एकाने आणि निम्मी दुसऱ्याने टाइप केली असतील, तर निम्मं पुस्तक शोधातून निसटतं.

शब्द सापडला म्हणजे अर्थ सापडला असं नाही

समजा, हे सगळं निस्तरलं आणि ‘सातारा’ची झाडून सगळी रूपं शोधली. तरी ती सूची होत नाही.

स्वातंत्र्यलढ्यात या भागात चाललेल्या प्रतिसरकारावरचं एखादं पुस्तक समोर धरा. त्यात ‘सातारा’ म्हणजे कधी शहर असतं, तर कधी १८४८ मध्ये कंपनी सरकारने खालसा केलेलं संस्थान असतं. बहुतेक वेळा तो जिल्हा असतो, पण १९४३ मधला. त्या जिल्ह्यात वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके होते. १९४९ मध्ये जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे भाग झाले आणि १९६० मध्ये दक्षिण सातारा जिल्ह्याला सांगली हे नाव मिळालं. आज सांगली जिल्ह्यात असलेलं कुंडल तर त्या काळी औंध संस्थानात होतं. म्हणजे एकाच शब्दामागे निदान तीन गोष्टी आहेत. वाचकाला त्या वेगवेगळ्या हव्यात, आणि यंत्राला तो एकच शब्द दिसतो.

माणसांच्या बाबतीत घोळ याहून मोठा होतो. आपल्याकडे आदराची माणसं नावाने फारशी येतच नाहीत, नात्याने येतात. ‘अण्णा’ म्हणजे कोण? रयत शिक्षण संस्थेच्या प्रकरणात कर्मवीर भाऊराव पाटील. वाळव्याच्या प्रकरणात क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी. शाहिरीच्या प्रकरणात कुणी वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांचा उल्लेख नुसता ‘अण्णा’ असाच केलेला असतो. ‘बापू’ म्हणजे कुंडलच्या प्रकरणात जी. डी. लाड, आणि पुढच्याच परिच्छेदात महात्मा गांधी. सांगली संस्थानाच्या इतिहासात तर संस्थापक चिंतामणराव पटवर्धनही आप्पासाहेब आणि शेवटचे अधिपती चिंतामणरावही आप्पासाहेब. दोघांच्या मध्ये जवळजवळ शतकाचं अंतर आहे. सूचीत दोघांचे आकडे एकाच ओळीत गेले, तर ती ओळ वाचकाला चक्क खोटी माहिती देते.

याच्या उलटही होतं. विषय पानावर असतो, शब्द नसतो. भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत आणि एका पंगतीत जेवत. हे सांगणाऱ्या पानावर ‘अस्पृश्यता निवारण’ हा शब्द एकदाही नसेल. पण त्या विषयाचा अभ्यासक सूचीत नेमकं तेच शीर्षक शोधणार. पान वाचून, समजून ही नोंद करायला माणूसच लागतो. शब्द शोधणाऱ्या आज्ञेला ते पान कधीच सापडणार नाही.

एखाद्या पानावर मात्र नाव येऊनही नोंद करायची नसते. ‘सभेला यशवंतराव चव्हाण, किसन वीर आदी उपस्थित होते’ या वाक्यात त्या दोघांविषयी वाचकाला काहीही मिळत नाही. असे उल्लेख गाळायचे की ठेवायचे, हे पुस्तकाचा हेतू पाहून ठरवावं लागतं. स्वातंत्र्यसैनिकांच्या गावोगावच्या आठवणी असतील तर साधं नावसुद्धा मोलाचं, कारण वाचक त्यात आपल्या आजोबांचं नाव शोधणार असतो. राजकीय विश्लेषणाच्या ग्रंथात तोच उल्लेख निव्वळ गर्दी ठरतो.

चांगल्या सूचीचा एक तुकडा इथे मांडून दाखवतो. पानांचे आकडे मुद्दाम वगळले आहेत, म्हणजे विचार कुठे करावा लागला ते दिसेल :

अण्णा (कर्मवीर) – पाटील, भाऊराव पहा
अण्णा (नागनाथ) – नायकवडी, नागनाथ पहा
पत्री सरकार – प्रतिसरकार पहा
पाटील, नाना (क्रांतिसिंह)
पाटील, भाऊराव (कर्मवीर)
पाटील, वसंतदादा
प्रतिसरकार : तुफान सेना, न्यायनिवाडे, शेणोली रेल्वे लूट (१९४३)
सातारा (शहर)
सातारा जिल्हा (१९४९ पर्यंत)
सातारा संस्थान

या दहा ओळींतली एकही ओळ बटणाने आलेली नाही. चळवळीतली माणसं ‘प्रतिसरकार’ म्हणत आणि लोकांच्या तोंडी ‘पत्री सरकार’ बसलं, हे ठाऊक असल्याशिवाय तिसरी ओळ लिहिता येत नाही. तीन पाटील वेगळे ठेवायला तिघांची चरित्रं माहीत असावी लागतात. सूचीकरणाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ९९९, १९९६ सालचं. त्याचाही भर संकल्पना ओळखण्यावर, समानार्थी नावं जोडण्यावर आणि सारखी दिसणारी नावं वेगळी काढण्यावर आहे. ही बुद्धीची कामं आहेत. तीनशे पानांच्या इतिहासग्रंथाला मला सलग आठ-दहा दिवस लागतात. त्यातला यंत्राचा वेळ मिनिटांत मोजावा.

दुसरा गैरसमज : युनिकोड वापरलं की अकारविल्हे आपोआप लागतं

हा पहिल्याचाच धाकटा भाऊ. जुन्या फायलींची अडचण तर उघडच आहे. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटांत पडद्यावर ‘क’ दिसायचा, पण फायलीत एखाद्या रोमन अक्षराचा किंवा चिन्हाचा संकेतांक साठवलेला असायचा. पेजमेकर या जुन्या प्रोग्रॅममध्येही सूचीची सोय होती, पण ती या संकेतांकांवर क्रम लावायची आणि मराठी सूची पार विस्कटून यायची. युनिकोडने हा मोठा त्रास संपवला, हे मान्य. पण युनिकोडमधला अक्षरांचा क्रम हा मराठी वर्णमालेचा क्रम नाही. तो तक्ता इस्की या जुन्या भारतीय संकेतप्रणालीवरून आला आहे आणि देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या सगळ्या भाषांसाठी आहे. त्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे आणि ‘व’च्या आधी बसतो. मराठी वर्णमालेत ‘ळ’ येतो ‘ह’नंतर. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयातली प्रमाण वर्णमालाही हाच क्रम देते.

पडताळा घ्यायचा असेल तर तीन नावं पुरतात : वाई, वासोटा, वाळवा. मराठी क्रम हाच आहे. वासोट्याचा ‘स’ आधी, वाळव्याचा ‘ळ’ नंतर. तुमच्या प्रोग्रॅमने वाई, वाळवा, वासोटा असा क्रम लावला, तर तो संकेतांक मोजतोय, वर्णमाला पाळत नाही, असं समजावं. ‘ज्ञ’चंही तेच. युनिकोडमध्ये ‘ज्ञ’ म्हणजे ज, हलन्त आणि ञ, म्हणून ‘ज्ञानप्रबोधन’ जाऊन बसतं ‘ज’मध्ये.

यावर इंडिझाईनमध्ये उपाय आहे. प्रत्येक नोंदीला ‘सॉर्ट बाय’ नावाची एक वेगळी चौकट असते. छापायचं शीर्षक तेच ठेवून क्रमासाठी वेगळं रूप तिथे देता येतं आणि ते वाचकाला दिसत नाही. ‘वाळवा’सारख्या नोंदींना तिथे योग्य रूप दिलं की क्रम पक्का होतो. तयार झालेल्या सूचीतल्या ओळी हातानं वरखाली करून मात्र काही साधत नाही. पुढच्या वेळी सूची नव्याने काढली की त्या पुन्हा जुन्या जागी जातात.

‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ कुठे ठेवायचे याबाबत मराठी कोशांत एकवाक्यता नाही. काही कोश त्यांना क आणि ज यांच्या जोडाक्षरांत धरतात, काही वर्णमालेच्या शेवटी ठेवतात. वाईहून निघालेला मराठी विश्वकोश ‘अंक’ या नोंदीने सुरू होतो आणि ‘ज्ञेयवाद’ या नोंदीने संपतो. तुम्ही कुठलीही रीत घ्या, पण ती संपूर्ण सूचीत एकच ठेवा आणि सूचीच्या डोक्यावर दोन ओळींत सांगून टाका. सामान्य वाचक ‘क्षेत्र माहुली’ शोधायला कुठे जाईल, याचा आधी विचार करा.

तिसरा गैरसमज : सूची ही साहेबांची रीत, आपली नव्हे

तसं नाही. कात्यायनाच्या नावावर असलेली ‘सर्वानुक्रमणी’ ऋग्वेदाच्या प्रत्येक सूक्ताचे आरंभीचे शब्द, ऋचांची संख्या, ऋषी, देवता आणि छंद नोंदवते. मोठा ग्रंथ हाताशी यावा म्हणून केलेली ही व्यवस्थाच आहे. अलीकडे यायचं तर डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा एक संपूर्ण खंड सूचीला दिलेला आहे. आणि आपला हा भाग तर कोशकारांचाच आहे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली धर्मकोशाचं काम उभं राहिलं. केवलानंद सरस्वतींचा मीमांसाकोश तिथलाच. पुढे विश्वकोशाचं घरही वाईच झालं. त्याचा परिभाषासंग्रह १९७३ मध्ये आला आणि पहिला खंड १९७६ मध्ये. एखाद्या नोंदीखाली ‘पहा’ असं लिहून वाचकाला दुसऱ्या नोंदीकडे पाठवण्याची जी शिस्त विश्वकोशाने पाळली, तीच सूचीचा कणा आहे. ज्या जिल्ह्यात हे घडलं, तिथल्या ग्रंथांना मागे चार पानं सूची नसावी, हे पटत नाही.

आणखी काही समज, थोडक्यात

*‘सूची म्हणजे अनुक्रमणिकाच.’* नाही. अनुक्रमणिका पुढे असते आणि प्रकरणांचा क्रम सांगते. सूची मागे असते आणि विषय, व्यक्ती, स्थळं अकारविल्ह्याने देते. शाळेच्या वहीत पहिल्या पानावर ‘इंडेक्स’ छापलेलं असतं, ते अनुक्रमणिकेचं पान असतं. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

*‘संदर्भग्रंथांची यादी दिली आहे, तीच सूची.’* ती ग्रंथसूची. तुम्ही काय वाचलं ते ती सांगते, तुमच्या पुस्तकात काय आहे ते सांगत नाही.

*‘पान बदललं की सूची पहिल्यापासून करावी लागते.’* खुणा मजकुरात बसवल्या असतील तर नाही. त्या मजकुराबरोबर सरकतात. नव्याने ‘जनरेट’ करून जुन्या सूचीच्या जागी नवी बसवायची.

*‘मग आकडे आपोआप बदलतात.’* तेही नाही. ती आज्ञा पुन्हा द्यावीच लागते. शेवटच्या दुरुस्तीनंतर ती दिली नाही, तर सूची जुनी पानं दाखवत छापली जाते.

*‘दुरुस्त केलेली वर्डची फाइल पुन्हा आत घेतली तरी चालेल.’* चालणार नाही. जुना मजकूर काढला की त्यातल्या खुणाही जातात. सूचीचं काम सुरू झाल्यावर दुरुस्त्या मांडलेल्या पानांवरच कराव्यात.

*‘पीडीएफमध्ये शोधता येतं, सूची कशाला?’* शोध फक्त तुम्ही दिलेला शब्द दाखवतो, तोही प्रत्ययाने अडतो. आणि छापील पुस्तकात शोधाची चौकट नसते.

*‘जास्त आकडे म्हणजे चांगली सूची.’* एका नावापुढे ओळीने पंचवीस आकडे असतील, तर वाचकाला पंचवीस पानं उघडावी लागतात. पाच-सहापेक्षा जास्त झाले की उपनोंदी पाडाव्यात.

*‘आता एआय करून देईल.’* शीर्षकांचा कच्चा आराखडा देईल. ‘अण्णा’ कोण आणि आकडा खरा की खोटा, हे पान उघडून तुम्हालाच पाहावं लागेल.

*‘सूची फक्त विद्यापीठीय ग्रंथाला लागते.’* तिची खरी गरज गावाच्या इतिहासाला, आत्मचरित्राला, संस्थेच्या स्मरणग्रंथाला आहे. असं पुस्तक कुणी सलग वाचत नाही. आपलं गाव, आपला माणूस शोधण्यासाठीच ते उघडलं जातं.

एवढं करा

तुम्ही पुस्तक लिहीत असाल, तर सूचीचा विचार पानं लागायच्या आधी करा. आपल्या विषयातली व्यक्ती, स्थळं आणि संकल्पना यांची यादी लिहून काढा. कोण कुठल्या टोपणनावाने येतं ते तिच्यात नोंदवा. एका माणसाची दोन नावं आणि दोन माणसांचं एक नाव ही तुमच्याइतकी कुणालाच माहीत नाहीत. ती यादी पानं लावणाऱ्याच्या हातात द्या, आणि शेवटचं मुद्रितशोधन झाल्यावर सूचीसाठी पुरते दोन आठवडे राखून ठेवा. प्रकाशक असाल तर या कामाचा वेगळा मोबदला अंदाजपत्रकात धरा, कारण ते टाइपिंग नव्हे, संपादन आहे.

आणि वाचक असाल, तर जिल्ह्याच्या किंवा चळवळीच्या इतिहासाचं पुस्तक विकत घेण्याआधी शेवटची पानं उघडून बघा. सूची नसेल तर दुकानदाराला नव्हे, प्रकाशकाला पत्र लिहून मागा. मागणी आली की पुढच्या आवृत्तीत ती येते.